कोरं शिंगरू, कोरा स्वार

"पोरगं धा वर्षांचं, शिंगरू दीड वर्षाचं. दोघंबी संगट वाढतील की. संगटच शिकतील."

निपाणीजवळच्या एका गावातल्या ओळखीच्या काकांनी गेल्या आठवड्यात फोनवर मला हे ऐकवलं. उसाचं बिल जमा झालंय. नातवानं मोबाइलवर घोडे बघून हट्ट धरलाय. एका विकणाऱ्याकडे साठ हजारांत शिंगरू मिळतंय. त्याच माणसाकडे बारा वर्षांची फिरवलेली घोडीही आहे, तिचे तो दीड लाख सांगतो. "म्हाताऱ्या घोडीला दीड लाख कोण देतंय?" असं म्हणून काकांनी विषय मिटवला.

मी मिटवला नाही. काकांना जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण या मोसमात हा हट्ट एकाच घरात नाही. ती घोडी स्वस्त आहे. शिंगरू महाग आहे.

आधी 'म्हातारी' या शब्दाचं बघू. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. बाराव्या वर्षी तो भर उमेदीत असतो. अंग भरलेलं असतं, जग बघून झालेलं असतं, उगाचच्या उड्या संपलेल्या असतात. गाय-म्हशीच्या बाजारात वय वाढलं की दूध घटतं आणि भाव पडतो. तोच हिशेब आपण घोड्याला लावतो आणि फसतो. घरच्या घोड्याकडून दूध काढायचं नसतं, शांतपणा घ्यायचा असतो. शांतपणा वयाबरोबर वाढतो.

आता शिंगराचं वय. घोड्याच्या पुढच्या दुधाच्या दातांची मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी पडते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाच वर्षांनी तोंड भरतं. म्हणून विकणारा काहीही सांगो, ओठ वर करून बघायला शिका. दात बघितले की हाडांचाही अंदाज बांधता येतो. पायाची हाडं आधी पक्की होतात, पाठीच्या मणक्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो. पाच-साडेपाच वर्षांपर्यंत ते काम चालूच असतं. आपण खोगीर टाकतो ते नेमकं पाठीवर. दीड वर्षाच्या पाठीवर पोरगं बसवून व्हिडिओ काढणाऱ्या बापाला त्या मणक्यांचं काय होतंय ते दिसत नाही. शिंगरू सांगू शकत नाही, इतकंच.

म्हणजे दीड वर्षाचं शिंगरू आणलं तर चार वर्षांचं होईपर्यंत स्वारीचं नाव काढायचं नाही. पुढं जाणत्या हाताखाली दीड-दोन वर्षं रोजची मेहनत. ही झाली चार वर्षं. आता हिशेब मांडा. वाढत्या घोड्याला रोज वजनाच्या साधारण दोन टक्के सुका चारा लागतो. सरासरी तीनशे किलो वजन धरलं तर रोजचा सहा किलो, वर्षाचा २,१९० किलो, चार वर्षांचा पावणेनऊ टन. खूर सहा ते आठ आठवड्यांनी कापावे लागतात, म्हणजे चार वर्षांत तीसेक वेळा नालबंदाला बोलावणं. शिवाय जंताचं औषध, धनुर्वाताची लस, पाणी, पेंढा, आणि रोज पंधरा-वीस किलो लीद उचलणारा माणूस. दर मी सांगत नाही. तुमच्या गावचा दर तुम्ही घाला आणि बेरीज बघा. साठ हजार कुठल्या कोपऱ्यात गेले ते सापडणार नाही.

घोडीही खाणारच, हे मान्य. पण घोडीवर नातू पुढच्या रविवारी बसेल. शिंगरावर तो चौदाव्या वर्षी बसेल, आणि चौदाव्या वर्षी त्याला घोडा हवा असेल की मोटारसायकल, हे काकांनाही ठाऊक आहे.

चाऱ्याची गोष्ट निघाली आहे तर आपल्या भागातली एक खोड इथंच सांगतो. चिक्कोडी, निपाणी, रायबागच्या पट्ट्यात उसाची तोड सुरू झाली की गोठ्यात वाडं पडतं. फुकटात मिळतं, जनावर आवडीनं खातं. पण वाड्यात ऑक्झलेट असतं आणि ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. गाय-म्हशीचं रवंथ करणारं पोट त्यातलं बरंचसं पचवतं. घोड्याला तसं पोट नाही. त्यात वर गव्हाचा कोंडा घातला की फॉस्फरस वाढून कॅल्शियमची तूट आणखी वाढते. वाढत्या शिंगराच्या हाडांची ही चोरी महिनोन्महिने चालते आणि मग एक दिवस जबडा सुजल्यासारखा दिसतो, चाल लंगडी पडते. "खायला तर भरपूर घालत होतो," असं घरचे म्हणतात. घालत होतात, हे खरं. गाईचं घालत होतात.

पैसा बाजूला ठेवू. खरं घोडं पेंड खातं ते शिक्षणापाशी.

कोरं शिंगरू कोरं राहत नाही. तुम्ही शिकवा अथवा न शिकवा, ते दिवसभर शिकतच असतं. घोडा हा पळून जीव वाचवणाऱ्या जातीचा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळजवळ सगळीकडचं त्याला दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी पुढं आणि शेपटीच्या मागं दिसत नाही. काय केल्यानं दाब सुटतो, एवढंच तो लक्षात ठेवतो. लगाम ओढला, तो थांबला, लगाम सैल झाला, तर तो थांबायला शिकला. लगाम ओढला, त्यानं मान झटकली, पोराच्या हातातून लगाम सुटला, तर तो मान झटकायला शिकला. दहा वर्षांचं पोर दिवसाला असे दहा धडे देतं आणि त्याला पत्ताही नसतो. सहा महिन्यांत घोडा अडेल होतो, चावायला लागतो, तंग आवळताना लाथ उचलतो. मग घरचे म्हणतात, जात वाईट निघाली. जात चांगली होती. शिकवणारा शिकलेला नव्हता.

ज्याला येत नाही असा स्वार आणि ज्याला येत नाही असा घोडा, दोघं एकमेकांना फक्त भीती शिकवतात. दोघांतल्या एकाला तरी यायला हवं. पोराला येत नसेल तर घोड्याला आलंच पाहिजे.

ही अक्कल आपल्याकडे कधीपासून आहे ते बघायचं असेल तर दूर जायला नको. पावसाळ्याच्या तोंडावर किंवा पावसाळा संपता संपता रस्त्याच्या कडेनं धनगरांचा वाडा जाताना बघा. मेंढरं पुढं, मागं तट्टं. तट्टाच्या पाठीवर भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि या सगळ्यात मध्येच बसवलेलं तीन-चार वर्षांचं मूल. मराठी मुलखातला खरा कुटुंबाचा घोडा हाच. मूल कशावर बसवलेलं असतं? जुन्या, मुरलेल्या तट्टावर. त्याच तट्टाचं शिंगरू मोकळ्या अंगानं आईच्या कडेकडेनं चालत असतं. ट्रकचा भोंगा वाजला की ते आईकडे बघतं. आई हलत नाही, मग तेही हलत नाही. हेच त्याचं शिक्षण. हजारो मेंढरांमागं पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या माणसांनी आपलं मूल कोऱ्या शिंगरावर बसवलं नाही. आपण बंगल्याच्या अंगणात ते करायला निघालो आहोत.

दुसरं उदाहरण याहून मोठं आणि तेही आपल्याच जिल्ह्यातलं. चिक्कोडी तालुक्यातली अंकली, म्हणजे सांगली-कोल्हापूर रस्त्यावरची ती दुसरी अंकली नव्हे. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ साली माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं तेव्हा अंकलीच्या शितोळे सरकारांनी हत्ती-घोडे आणि लवाजमा दिला, असं वारीचा इतिहास सांगतो. त्या घराण्याचे दोन अश्व आजही दरवर्षी अंकलीहून निघून पायी आळंदीला जातात. वाट सुमारे तीनशे किलोमीटरची. पुढं लोणंदच्या पलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा अश्व, त्याची पाठ मोकळी. स्वार नाही, लगाम धरणारा हात नाही. दोन्ही बाजूंना टाळ, मृदंग आणि लाखांचा समुदाय. त्या गजरातून तो जनावर असूनही सरळ रेषेत धावतो. टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावतात, आणि तो कुणावर पाय ठेवत नाही.

वारकरी तिथं माउलींचं अस्तित्व मानतात. मीही त्या मातीपुढं वाकतो. पण वाकताना आणखी एका गोष्टीला नमस्कार करतो, त्या घोड्याच्या मागं वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या हातांना. लाखो माणसांच्या आवाजात न बुजणारा घोडा आईच्या पोटातून तसा येत नाही. कुणीतरी त्याला गर्दी दाखवली, आवाज ऐकवला, भ्यायला तेव्हा मारलं नाही, थांबला तेव्हा मान थोपटली. २०१८ च्या वारीत पुण्यात 'हिरा' हा अश्व हृदयविकारानं गेला तेव्हा लोक घरचं माणूस गेल्यासारखे रडले. अशी जागा बाजारातून आणलेल्या कोऱ्या शिंगरानं भरत नाही. अख्खा महाराष्ट्र ज्याच्यापुढं हात जोडतो ते मोल मेहनतीचं आहे. दावणीला मात्र आपण मेहनतीला शून्य भाव देतो आणि रंगाला हजारो.

दावणीला होतं काय, तेही सांगतो. पंचकल्याण आहे का, नुकरा आहे का, कपाळावर टिळा आहे का, भोवरी कुठं आहे, देवमण आहे का, डोळ्याखाली अशुभ भोवरी तर नाही ना, उंची किती इंच. हे सगळं तासभर चालतं. खूर उचलून कुणी बघत नाही. खुराखालची कुजलेली बेडकी कुणाला दिसत नाही. भोवरीमुळं आजवर कुणाचं पोर घोड्यावरून पडलेलं नाही. दुखऱ्या पायामुळं, आवळलेल्या तंगामुळं, न शिकवलेल्या तोंडामुळं पडलेलं आहे.

आणि दावणीला शिंगरू शांत दिसतं, याला भुलू नका. लांबून टेम्पोतून आणलेलं, दोन दिवस नीट न खाल्लेलं, जंतांनी पोखरलेलं पिल्लू शांतच दिसणार. भुकेचा शांतपणा वेगळा, स्वभावाचा वेगळा. तुम्ही घरी आणता, हरभरा भिजवून घालता, जंताचं औषध देता, दोन महिन्यांत अंगावर तकाकी येते, आणि त्याच दिवशी कळतं की हे जनावर कोण आहे. विकणाऱ्याचा फोन तोवर लागत नाही.

आपल्या मुलखाला घोड्याची किंमत कळत नव्हती असं नाही. निपाणीचे सिद्धोजीराव देसाई निपाणकर हे मराठी घोडदळातले नावाजलेले सरदार. त्या काळच्या फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजी बुडे. असा माणूस घोडा घेताना रंग बघून भुलत नसे. घोडा तयार करणाऱ्याला चाबूकस्वार, सांभाळणाऱ्याला मोतद्दार, औषधपाणी बघणाऱ्याला साळोत्री, नाल ठोकणाऱ्याला नालबंद अशी नावं होती, मान होता, पगार होता. एका घोड्यामागं चार कसबी माणसं. आज आपण पाचशे रुपयांचं रंगीत खोगीर घेतो, चारही कसबं घरच्या पोरावर टाकतो आणि त्याला हौस म्हणतो.

हौसेचं दुसरं टोक आपल्या जत्रांत दिसतं. घोडागाडीच्या शर्यती, घोडा-बैल जोडीच्या शर्यती. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं जल्लीकट्टू, कंबळ आणि बैलगाडा शर्यतींचे राज्यांनी केलेले कायदे वैध ठरवले. तो निकाल बैल-रेड्यांच्या खेळांचा होता. घोड्याच्या कोवळ्या गुडघ्यांना त्यानं काही परवाना दिलेला नाही. दोन वर्षांचं शिंगरू गाडीला जुंपून डांबरावर पळवायचं, एका मोसमात निकामी करायचं आणि पुढच्या मोसमात नवं आणायचं, हे ज्या घरात चालतं तिथं शिंगरू स्वस्तच पडणार. किंमत ते स्वतःच्या पायांनी मोजत असतं.

या स्वस्ताईचा शेवट कुठं होतो ते बघा. बिघडलेलं जनावर कुणी ठेवत नाही. पहिला मालक दुसऱ्याला देतो, दुसरा वरातीवाल्याला. वरातीत ते बँडला बुजतं, मग तेही विकलं जातं. वीटभट्टीला, ओझ्याला, कुणालाही. मधल्या प्रत्येक हातानं त्याला चाबूक दिलेला असतो, धडा एकानंही दिलेला नसतो. पंचवीस वर्षं जगायला आलेला प्राणी सहाव्या-सातव्या वर्षी संपतो. अंगणात काढलेल्या पहिल्या व्हिडिओत मात्र सगळे हसत असतात.

सीमाभागात आणखी दोन गोष्टी जास्त लागू पडतात. पहिली, महामार्ग. कोगनोळीपासून निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, काकती, बेळगाव अशी सगळी वस्ती राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या अंगाखांद्यावर आहे. गावाबाहेर घोडा फिरवायचा म्हणजे कुठं ना कुठं सेवारस्ता येतोच. कारखान्याच्या मोसमात उसानं लादलेले ट्रॅक्टर, वरून मोठ्यानं लावलेली गाणी. जाणता घोडा कान फिरवतो आणि चालत राहतो. कोरं शिंगरू चौखूर उधळतं. रिकिबीत पाय अडकलेलं पोर सोबत ओढलं जातं. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण लिहायलाच हवं.

दुसरी गोष्ट रोगाची. इकडचे घोडे अकलूजहून येतात, सारंगखेड्याहून येतात, राजस्थानातून येतात. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्याकडून माणसाला होतो. २००९ च्या केंद्रीय कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे, आणि तपासणीत रोग पक्का ठरला की घोडा वाचवता येत नाही, त्याला मरण द्यावं लागतं. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या तपासणीतली देशातली मुख्य संस्था. विकत घेण्याआधी रक्ततपासणीचा कागद मागा. कागद नसेल तर रक्त पाठवा आणि निकाल येईपर्यंत थांबा. 'आपलाच माणूस आहे' हा कागद नव्हे.

आणि पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं वाईट वरून निघायला वाट नसते. रात्री दोनला घोडा लोळायला लागला तर काय करणार, कुणाला उठवणार, गाडी कुठली, याचं उत्तर घोडा आणायच्या आधी भिंतीवर लिहिलेलं असायला हवं. आपल्या तालुक्यांतले पशुवैद्य दिवसभर गाई-म्हशीत असतात. घोड्याची सवय असलेला डॉक्टर कोण, हे आधी विचारून ठेवा. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय याच महामार्गावर आहे, पण निपाणीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. मुरड पडलेल्या आतड्याला ती वाट मोठी असते.

तर घ्यायचं कसं? न कळवता जा. घोडा आधी दमवून ठेवलेला नको, सकाळी ठाणावरून सोडतानाच बघा. धरताना पळतो का, बांधल्यावर ओढतो का, चारही पाय उचलू देतो का, तोंडात लगाम घेताना मान वर करतो का. आधी विकणाऱ्याला बसू द्या. तो बसायला कचरत असेल तर तुमचं उत्तर मिळालं, चहा न घेता परत या. मग शेजारून ट्रॅक्टर जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तिसऱ्या वेळी पशुवैद्याला घेऊन जा. आणि या सगळ्याच्याही आधी पोराला सहा महिने कुणाच्या तरी पागेत पाठवा. लीद उचलू दे, खरारा करू दे, तोबरा बांधू दे. सहा महिन्यांनंतरही त्याला घोडा हवा असेल तर तो हट्ट नव्हे, आवड आहे. तिला पैसे घाला. डोक्यावर हेल्मेट आणि पायात टाचेचा बूट घाला.

शिंगरं कुणी घ्यायचीच नाहीत असं मी म्हणत नाही. शिंगरू ज्याला घडवता येतं त्याच्या दावणीला जाऊ दे. त्याच्याकडं घरची एक जाणती घोडी असते, तिच्या कडेला ते चालायला शिकेल. दहा वर्षांनी ते दीड लाखाचं होईल आणि कुणाच्या तरी नातवाला अलगद पाठीवर घेईल. घोडा असाच तयार होतो. जवळची वाट नाही.

म्हणून काका, तुम्हाला फोनवर सांगायचं राहिलेलं एवढंच. त्या दीड लाखातले साठ हजार घोडीचे धरा. उरलेले नव्वद हजार ज्यानं दहा वर्षं पहाटे उठून तिला न भ्यायला शिकवलं त्या माणसाचे आहेत. ते देताना हात आखडता घेऊ नका. ही घासाघीस पैशांवर होते असं वाटतं, पण ती नातवाच्या हाडांवर होत असते.